पाच हिरवे ठिपके

साताऱ्यात आता भेटल्यावर 'बरंय ना?' असं कुणी विचारत नसे. 'किती हिरवे?' असं विचारत आणि मनगट पुढे करत. आठ वर्षांवरच्या जवळजवळ प्रत्येकाच्या दंडात त्वचेखाली तांदळाएवढा 'मेळक' बसवलेला असे. एकेका संकल्पाला मनगटावर एकेक ठिपका. संकल्प साधू लागला की तो हिरवा होई.

वजन उतरवा, स्नायू वाढवा, शर्यतीची तयारी करा, पण सगळं एकदम नको, असं जुने डॉक्टर सांगून थकले होते. मेळक ते एकदम करून दाखवी. रक्तातली संप्रेरकं कमीजास्त करून तो शरीराची शक्ती हवी तिकडे वळवत असे. लोकांना आणखी काय हवं होतं?

सुनेत्राचे पाचही हिरवे होते: वजन, स्नायू, साखर, झोप आणि घाटातली शर्यत. कॉलनीत तिचं भारी कौतुक होतं. तरीही तिचा नवरा श्रीरंग तिला डॉ. कुंदा वाळिंब्यांकडे घेऊन आला होता.

"मंगळवारी आमची मनवा झोक्यावरून पडली," तो म्हणाला. "हनुवटी फाटली. हिनं टाके घालून आणले, सगळं नीट केलं. पण पोरगी चिकटून रडत होती आणि ही मनगटाकडे बघत होती."

"धावायची वेळ झाली होती," सुनेत्रा शांतपणे म्हणाली.

डॉक्टरांनी उसासा सोडला. "शक्ती काही वाढत नाही हो. गच्चीवरची टाकी तेवढीच. पाच नळ जोरात सोडले की सहावा कोरडा पडतो. मेळक यादीत नसलेलं शोधतो. मेंदू सगळ्यांत खादाड. त्यातही काळजी, माया, जीव तुटणं, हे कुणीच यादीत लिहीत नाही."

"न विचारता काढून घेतो?" श्रीरंगनं विचारलं.

"विचारतो ना." त्यांनी बसवतानाची नोंद लावली. 'काय कमी झालेलं चालणार नाही?' या प्रश्नावर सुनेत्राचा आवाज आला, "माझं काय हो, काहीही चालेल!"

श्रीरंग खाली बघू लागला. भाजी संपत आली की रोज ती हेच म्हणायची. बारा वर्षांत त्यानं एकदाही पुढे विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"एक ठिपका सोडला तरी सगळं परत येईल," डॉक्टर म्हणाल्या. "पण याच महिन्यात. नंतर नाही. आणि सही यांचीच लागते."

सुनेत्रानं मनापासून विचार केला. "कुठला सोडू? सगळेच छान चाललेत."

"अगं, मनवासाठी!"

तिनं दाराशी बाकावर बसलेल्या मुलीकडे पाहिलं. मुलीचं नुकतंच पूर्ण झालेलं आठवं वर्ष, तिचे पडलेले दात, सगळं तिला ठाऊक होतं. त्यापलीकडे काही वाटेना.

"परत मागायला जी ओढ लागते, तीच आधी गेलेली असते," डॉक्टर हळूच म्हणाल्या. अशा बायका-पुरुषांच्या सह्या मिळायची त्यांनी आशा सोडली होती.

मनवा आत आली. हनुवटीवरची पट्टी चाचपत म्हणाली, "आई, मलापण मेळक बसव ना. मग मलापण रडू येणार नाही."

"चालेल की," सुनेत्रा म्हणाली आणि तिनं टेबलावरचा कोरा अर्ज पुढे ओढला.