बावीस मिनिटं

सावरटोल्याच्या शाळेच्या छतावरचा पांढरा खांब आठ दिवसांत तिसऱ्यांदा बंद पडला, तेव्हा शास्त्रज्ञ डॉ. सुलभा गेडाम स्वतःच नागपूरहून निघाल्या. वीजवेध केंद्राची (आकाशातल्या विजेचा माग ठेवणाऱ्या केंद्राची) अशी चारशे ठाणी राज्यभर होती. कुठे माकडांनी तार तोडली, कुठे पाणी शिरलं, असं चालायचंच. पण इथे तर दरवेळी बिघाड काहीच सापडत नव्हता. माणूस येऊन तपासायचा, सगळं ठीक असायचं, तो परत गेला की दोन दिवसांत ठाणं पुन्हा गप्प.

शनिवार असल्यामुळे शाळा सकाळीच सुटली होती. डॉक्टरांनी जीपमधून यंत्रमानव बाहेर काढला. मांजराएवढा, चार पायांचा. पाइप धरून सरसर चढायचा म्हणून त्याचं नाव खार. खार छतावर गेला आणि तिथूनच बोलला, "खांब ठीक. तार ठीक. वीजपुरवठ्याची डबी जागेवर नाही. ती तुटलेली नाही, स्क्रू उघडून काढलेली आहे. स्क्रू नीट एका ओळीत ठेवले आहेत."

"चोर स्क्रू ओळीत ठेवत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"मी चोर नाही."

पायरीवर एक मुलगी बसली होती. सातवीतली असावी. तिची एक मूठ घट्ट मिटलेली होती.

"नाव काय तुझं?"

"पौर्णिमा मेश्राम. डबी मीच काढली. तिन्ही वेळा मीच. आधी दोनदा तुमचा माणूस यायच्या आत परत लावली, कारण सरांवर नाव आलं असतं. आता नाही लावणार."

डॉक्टर रागावल्या नाहीत. गुडघा दुखत होता, म्हणून त्या तिच्याशेजारी पायरीवरच बसल्या. "काहून?" त्यांनी विचारलं.

"मागच्या वर्षी अकरा सप्टेंबरला माझी रंजना मावशी गेली. वीज पडून. नहराजवळच्या (कालव्याजवळच्या) रानात गावातल्या बाया निंदायला गेल्या होत्या सगळ्या. तुमचा खांब तेव्हा इथेच होता. रोज त्याच्यावर कावळे बसायचे."

डॉक्टरांनी टॅबलेट उघडला आणि तारीख शोधली. मग त्यांच्या तोंडून जे निघालं, त्याचा त्यांना पुढे बरेच दिवस पश्चात्ताप झाला.

"पण इशारा तर गेला होता. तीन वाजून बारा मिनिटांनी. वीज पडली तीन चौतीसला. बावीस मिनिटं आधी! अहवालातही 'संदेश पोहोचला, यशस्वी' असं आहे."

पौर्णिमा उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"कुणाला पोहोचला?"

"चौकशीत नोंद आहे, रानातल्या पंधरा बायांपैकी अकराजणींकडे मोबाइल होते. अकराही मोबाइलवर."

"मोबाइल सिंधूकाकूच्या पिशवीत होते. काकू त्यांची मुकादम. कामावर फोन दिसला तर वावराचा मालक खाडा लावतो, मजुरी कापतो, म्हणून काकू सकाळीच सगळ्यांचे फोन घेते आणि पिशवी बांधावरच्या मोहाच्या झाडाला टांगते. तुमचा संदेश झाडाला पोहोचला. आणि पाऊस आला तेव्हा सगळ्या झाडाकडे पळाल्या. स्वतः भिजू नये म्हणून नाही. मोबाइल भिजू नयेत म्हणून. मावशी सगळ्यांत आधी पोहोचली."

खार छताच्या कडेवर थांबला होता. पौर्णिमाने त्याच्याकडे बोट केलं.

"टीव्हीवर दाखवतात, आपण चंद्रावर खोल्या बांधणार. आमच्या शाळेला दुसरी खोली नाही. चौथी आणि सातवी पाठीला पाठ लावून बसतात. मी नका जाऊ म्हणत नाही चंद्रावर. जा. पण चंद्रावरून इथे बोलता येतं, तर छतावरून नहरापर्यंत का नाही येत? दीड किलोमीटर आहे फक्त."

हे अंतर डॉक्टरांच्या एकाही नकाशावर मोजलेलं नव्हतं. त्यांना राग आला, आणि तो मुलीवर नव्हता.

त्या म्हणाल्या, "डबी तुझ्याजवळच ठेव. मी मागणार नाही. पण तू काय बंद केलंस ते तरी बघ. तुझी जेवणाची थाळी आहे?"

थाळी दप्तरात होती. डॉक्टरांनी मैदानाच्या एका कोपऱ्यात खारला बसवलं, दुसऱ्या कोपऱ्यात आपला मोबाइल ठेवला, तिसऱ्यात टॅबलेट. तिघांची घड्याळं एकमेकांशी तंतोतंत जुळवली. "आता मी पाठ करते. हवं तिथे जाऊन चमच्याने थाळी वाजव. एकदाच."

पौर्णिमा मुद्दाम हातपंपाशी गेली आणि तिने रागानेच थाळी वाजवली.

"हातपंप," खार म्हणाला.

"त्याने पाहिलं," पौर्णिमा म्हणाली.

"मी डोळे बंद ठेवले होते," खार म्हणाला. "मी आधी ऐकलं. मोबाइलने एक दशांश सेकंद उशिरा ऐकलं. आवाज सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर जातो. म्हणजे थाळी माझ्यापेक्षा मोबाइलपासून चौतीस मीटर जास्त लांब. टॅबलेटने आणखी उशिरा ऐकलं."

"आता तो टॅबलेट बंद कर," डॉक्टर म्हणाल्या, "आणि तिथेच पुन्हा वाजव."

थाळी वाजली. खार जरा थांबला. मग त्याच्या पाठीवरच्या पडद्यावर मैदानाचा नकाशा आला आणि त्यावर एक लांबलचक वाकडी रेघ. "या रेघेवर कुठेही," तो म्हणाला. "दोनच कान असले तर कोणाच्या किती जवळ एवढंच कळतं. अशा जागा पुष्कळ असतात. तिसरा कान त्यातली एक निवडतो."

पौर्णिमा पडद्याकडे बघत राहिली. रेघ हातपंपावरून निघून थेट कुंपणाबाहेर गेली होती.

"वीज चमकते तेव्हा प्रकाशाबरोबर रेडिओलहरीही निघतात (डोळ्यांना न दिसणाऱ्या, पण प्रकाशाच्याच वेगाने धावणाऱ्या लहरी)," डॉक्टर सांगू लागल्या. "आपला खांब त्या ऐकतो. त्या इतक्या वेगाने येतात, की एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात तीनशे मीटर. म्हणून आमची घड्याळं फार बारीक वेळ मोजणारी लागतात. बाकी हिशेब थाळीचाच."

"पण वीज पडल्यावर कळून काय उपयोग?"

"हाच खरा प्रश्न. वीज जमिनीवर पडायच्या आधी बऱ्याचदा ढगातल्या ढगात चमकत असते. पहिल्यांदा एखाद-दोन चमका, मग एकदम भराभर वाढतात. त्या वाढल्या की समजायचं, हा ढग आता खाली वीज टाकण्याच्या बेतात आहे. त्यातून मिळतात ती पंधरा-वीस मिनिटं. फक्त त्या लहान चमकांच्या लहरी दुबळ्या असतात. लांबच्या ठाण्यांना त्या नीट ऐकू येत नाहीत. तुझ्या गावावरच्या ढगाचं बोलणं जवळच्या दोन-तीन ठाण्यांनाच ऐकू येतं, आणि तुझा खांब बंद झाला की तिसरा कान जातो."

पौर्णिमाने पश्चिमेला पाहिलं. नहराच्या अंगाला आकाश जांभळं-काळं झालं होतं. ढगाचा माथा फुलकोबीसारखा वर चढत होता.

"आई आज त्याच रानात आहे," ती म्हणाली. आणि मूठ उघडली.

खारने डबी दातांत धरली, चढला, स्क्रू फिरवले. खांबावरचा हिरवा दिवा लागला. टॅबलेटवर एक ठिपका उमटला. मग दोन. मग मिनिटभरात नऊ.

"भराभर वाढतायत," डॉक्टर म्हणाल्या. "इशारा सुटला."

"पिशवीत वाजेल तो," पौर्णिमा म्हणाली. "चला."

जीप नहराच्या वाटेने उसळत निघाली. डॉक्टरांनी हॉर्नवरचा तळहात काढलाच नाही. बाया वाकून निंदत होत्या. पहिल्यांदा कुणी मान वर केली नाही, मग सिंधूकाकू कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काहून बोंबलून राहिली व पोरी? कोणाची वरात आहे?"

"वीज येते, काकू! सगळ्या गाडीत बसा!"

"पाण्याचा थेंब नाही अजून. मालकाला काय सांगू मी?"

"सांगा की मी ओढून नेलं," डॉक्टर म्हणाल्या. "माझं नाव लिहून घ्या."

तेवढ्यात गार वारा सुटला आणि बाया हलल्या. पण हलल्या त्या मोहाच्या दिशेने. सगळ्यांत पुढे पौर्णिमाची आई होती.

"आई, नको!"

"फोन आहे व माझा त्यात. बाबांनी नवा घेऊन दिला."

"भिजू दे! मरू दे तो फोन!" पौर्णिमाने आईचा पदर धरला आणि तिला अक्षरशः मागे खेचलं. "मावशीही फोनच आणायला गेली होती ना? झाडाखाली कुणीच जायचं नाही. उंच झाडावरच वीज आधी येते आणि खालच्यालाही सोडत नाही. बंद गाडी चालेल, पक्की इमारत चालेल, झाड नाही."

आई थांबली. मावशी तिची सख्खी बहीण होती. तिने एकदा पिशवीकडे पाहिलं आणि गाडीत जाऊन बसली.

दोन खेपांत चौदाही बाया शाळेच्या एकुलत्या एका खोलीत आल्या. दाराबाहेर पाऊस कोसळू लागला. वीज मोहावर नाही, नहराच्या पाणी सोडायच्या दारापाशी पडली. खारने वेळ सांगितली. इशाऱ्यानंतर एकोणीस मिनिटं.

पिशवीतले चार मोबाइल भिजून कायमचे गेले. सिंधूकाकू त्याबद्दल आठवडाभर डॉक्टरांच्या नावाने बोलत होती. पण सोमवारपासून तिने पिशवी झाडाला टांगणं सोडलं.

डॉक्टर त्या दिवशी निघण्याआधी पौर्णिमाला म्हणाल्या, "दीड किलोमीटरचं मला सांग. काय पाहिजे तिथे?"

"मोबाइल नको," पौर्णिमा म्हणाली. तिने ते आधीच ठरवलं होतं. "रानात साप निघाला की टिटवी ओरडते. तिला कोणाचा नंबर लागत नाही. जो तिथे असेल त्याला ऐकू येतं. तसं काहीतरी पाहिजे. खांबाने ऐकलं की तिकडे आपोआप ओरडणारं. आणि झाडाजवळ नाही लावायचं."

तीन आठवड्यांनी नहराजवळच्या रानात चार भोंगे लागले. छतावरचा खांब आता रेडिओलहरी नुसत्या ऐकत नव्हता, थेट भोंग्यांना पाठवतही होता. मधे मोबाइल नव्हता, मनोराही नव्हता. एक भोंगा बंद पडायचा, वाऱ्याने बाकीच्यांची तोंडं फिरायची. पौर्णिमा आणि सातवीतल्या दोघीजणी दर शनिवारी जाऊन ते तपासायच्या आणि बिघाड थेट केंद्राला कळवायच्या. कळवताना पौर्णिमाच्या आवाजात अजूनही राग असायचा. डॉक्टरांना तो हवाच होता. त्यांनी केंद्राच्या बैठकीत सांगितलं, की उरलेली तीनशे नव्व्याण्णव ठाणीही अशीच झाडांशी बोलत असतील.

त्या बैठकीत अहवालाचा कागद बदलला. 'संदेश पोहोचला का?' हा रकाना काढून टाकला. त्या जागी आलेला नवा रकाना पहिल्यांदा सावरटोल्याच्या ठाण्याने भरला, त्या वादळी शनिवारसाठी, पौर्णिमाच्या अक्षरात:

माणसं पोहोचली का? — चौदा. सगळ्या.