गवतातला हिरवा गोल

धूमकेतू बघायला संध्याकाळी सगळी गल्ली जमणार होती, आणि सकाळी दुर्बीणच चोरीला गेली.

बातमी घेऊन आली दुर्बीणवाल्या काकांच्या शेजारची फोटोवाली. गळ्यात कॅमेरा, थंडीने नाक लाल. पक्ष्यांच्या मागे भल्या पहाटे हिंडणारी.

"काका पोलिसांत जायला नको म्हणतात," ती वहिनींना म्हणाली. "जन्मभर चष्म्याची भिंगं घासली त्यांनी. दुर्बिणीचा आरसाही स्वतःच्या हातांनी केला. काकू गेल्यापासून तीच त्यांची सोबत. आणि आता म्हणतात काय, तर जाऊ दे!"

"तुम्ही अंगणात गेलात?"

"नाही. भिंतीवरूनच बघितलं."

वहिनी खासगी तपासाची कामं घेत. धाकटा दीर मदत करी, म्हणजे बहुतेक गाडी चालवी. वहिनींचा नवरा गेल्यापासून दोघं कामाखेरीज फारसं बोलत नसत. बोललं की त्याचीच आठवण निघे.

"काका अलीकडे वेगळे वागतात?" वहिनींनी गाडीत विचारलं.

"थकलेत. परवा त्यांना घुबडाचा एक हललेला फोटो दाखवला, चुका काढाव्यात म्हणून मुद्दाम. एरवी केसभर खोट सोडत नाहीत. परवा म्हणाले, स्वच्छ आलाय."

घराच्या कडेच्या वाटेने तिघं मागे गेली. अंगणात ऊन पोचलं नव्हतं. दव गोठून गवतावर पांढरी साय धरली होती. मधोमध मात्र दुर्बिणीच्या लाकडी बैठकीएवढा एक हिरवा गोल. स्वयंपाकघराच्या दारापासून त्या गोलापर्यंत चपलांची ये-जा उमटली होती.

दीर तरातरा पुढे निघाला. वहिनींनी त्याला मागे ओढलं.

"आधी बघा, भाऊजी. मग तुडवा."

मागच्या फाटकाला कुलूप होतं. त्या बाजूचं आणि वाटेकडचं गवत पांढरंशुभ्र, एकही पाऊल नाही.

"या, सगळ्याजणी आत या," काका दारातून म्हणाले. दिराने डोक्याचा मफलर सोडला आणि आपल्या भरघोस मिशीवरून हात फिरवला. त्याला ते लागलंच.

काकांनी चहा ओतला. कपाच्या कडेला आतून बोट, बोटाला चहा लागला की थांबायचं. दिराच्या घशाखाली तो चहा उतरेना.

"रात्री जेवून बाहेर आलो तेव्हाच जागा रिकामी होती," काका म्हणाले. "गेली ती गेली. लोकांना येऊ नका म्हणून सांगा, झालं."

तेवढ्यात त्यांचा पुतण्या आला. "बरंच झालं गेली ते! काका, आता तरी माझ्याकडे चला. एकट्याने राहायचं वय आहे का हे?"

"काल तुम्ही इथे होतात?" वहिनींनी विचारलं.

"हेच सांगायला आलो होतो. दिवेलागणीला घरी परतलो. अंगणात कोण जातंय या गारठ्यात!" असं म्हणून तो कामावर निघून गेला.

मागच्या घरातला शेजारी आपल्या प्रखर दिव्यासाठी गल्लीत बदनाम होता.

"दिव्यापायी काकांना तारे दिसत नाहीत, म्हणून रोज आमची जुंपायची," तो म्हणाला. "महिनाभर मात्र चकार शब्द नाही. खरं सांगू? मलाच करमत नाही."

"हाच चोर," परत येताना दीर कुजबुजला. "फार गोड बोलतो."

वहिनी काकांसमोर बसल्या.

"भाऊजी, दव पडायच्या आधी दुर्बीण नेली असती, तर तिची जागाही पांढरी झाली असती. ती हिरवी आहे. म्हणजे रात्रभर दुर्बीण तिथेच उभी होती. नेली ती सकाळी. बाहेरून कुणी आलेलं नाही. उमटल्यात त्या या घरातल्या चपला."

फोटोवालीने काकांच्या पायांकडे पाहिलं. चपला अजून ओल्या होत्या.

"स्वतःची दुर्बीण कोण चोरेल?" दीर म्हणाला.

"हललेला फोटो त्यांना स्वच्छ वाटला. तुम्ही त्यांना बाई वाटलात. चहा बोटाने जोखला. दिव्याचं भांडण मिटलं, कारण दिवा असला काय नि नसला काय." वहिनींचा आवाज खाली आला. "काका, अंगण पांढरं झालेलं तुम्हाला दिसलं असतं, तर तुम्ही रात्रीचं नाव घेतलं नसतं."

काकांनी कप चाचपत खाली ठेवला.

"नजरेतलं मधलंच गेलंय," ते म्हणाले. "कडेचं भुरकट दिसतं. माणूस दिसतो, तोंड दिसत नाही. आज गल्लीसमोर आभाळ चाचपडत बसलो असतो. पुतण्याला कळलं की उचलून नेईल. हे घर माझ्या हातांना पाठ आहे, ताई. त्याच्या घरात मी नुसता आंधळा."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"नजर गेलीच म्हणतील, या भीतीने नाही गेलो."

दुर्बीण काकूंच्या पलंगामागे, शालीखाली निघाली.

"पुतण्याला मी सांगणार नाही," वहिनी उठत म्हणाल्या. "ते तुम्हीच सांगायचं."

संध्याकाळी दुर्बीण पुन्हा अंगणात उभी राहिली आणि गल्ली लोटली. काका नुसते बोलत गेले, "झाडाच्या शेंड्यावर वीतभर, आता जरा उजवीकडे," आणि फोटोवालीने धूमकेतू पकडला. मग काकांनी पुतण्याला हाक मारली.

"मला दिसत नाही रे आता. राहायचं कुठे ते उद्या बोलू. आज तू बघ आणि मला सांग."

पुतण्या आयुष्यात पहिल्यांदा त्या दुर्बिणीवर वाकला.

"पुसट आहे," तो म्हणाला.

"पुसट म्हणजे? शेपूट कुठल्या अंगाला?"

"वर... थोडी डावीकडे. ओल्या बोटाने खडू पुसावा तशी."

काकांनी तोंड आभाळाकडे केलं. "आणखी सांग."

मागे रांग खोळंबली होती. कुणीही घाई केली नाही. पुतण्या डोळा न हलवता, शब्द शोधत, सांगत राहिला.