ज्ञानेशचा नंबर

महाळुंग्यात कंपन्यांच्या गेटकडं रस्ता वळतो त्या कोपऱ्यावर माझं मोबाइलचं दुकान आहे. सिमकार्ड, रिचार्ज, फुटलेल्या काचा, आणि स्वस्तातले चार्जर, जे महिनाभरात जळतात आणि मग गिऱ्हाईक माझ्याशी भांडायला येतं. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी दुकानात उभं करत नाही. काम सोडून नसते उद्योग.

तुआन व्हिएतनामचा. एका कारखान्यात साचे बसवायला ठेकेदारानं आणलेला. तिकडच्याच सिमवर रोमिंग चालू होतं आणि त्यात त्याचा पगार जात होता. "मॅडम, चीप सिम," म्हणाला आणि मोबाइलवरचा फोटो पुढं केला. लहानशी पोर, कपाळावर सरळ कापलेले केस, नाकात नळी. "माय बेबी. हॉस्पिटल. एव्हरीडे कॉल."

परदेशी माणसाला सिम द्यायचं म्हणजे पासपोर्ट लागतो, व्हिसा लागतो, आणि ओळख देणारा इथला कुणीतरी लागतो. त्याच्या नंबरवर ओटीपी जातो. याचा पासपोर्ट व्हिसा वाढवायला गेलेला, तो कधी परत येणार ते कुणालाच ठाऊक नाही. ओळखीसाठी मी त्याच्या सुपरवायझरला, सुजितला, गळ घातली.

"विजयश्रीताई, उद्या हा कुठं गायब झाला तर पोलीस माझ्या दारात," सुजित म्हणाला. "नको ती भानगड."

तरी तुआन यायचाच. शिफ्ट सुटली की काउंटरला टेकून उभा. नाही म्हटलं की मान हलवायचा, थँक्यू म्हणायचा आणि निघायचा. त्या थँक्यूचा मला संताप यायचा. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

शेवटी मी घरातलं सिम दिलं. माझ्या धाकट्या भावाचं, ज्ञानेशचं. तो गेटसमोरच्या रस्त्यावर कंटेनरखाली गेला, फोनवर बोलता बोलता. त्याचा नंबर आईनं बंद करू दिला नाही. मी रिचार्ज मारत राहिले आणि ती रोज संध्याकाळी दिवा लावला की नंबर फिरवायची. फोन बंद आहे, एवढं ऐकायची आणि ठेवून द्यायची. मेलेल्याचं सिम जित्याला देणं कायद्यात बसत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण ती नाकातली नळी डोळ्यांपुढून हलेना. मी नेटचा स्वस्त प्लॅन मारला, तुआनच्या मोबाइलवर आईचा नंबर ब्लॉक केला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले.

तुआनचं तोंडच पालटलं. काउंटरवरूनच व्हिडिओ लावायचा. पोरगी खोकत खोकत मला हात हलवायची. मीही हलवायचे.

मग एका संध्याकाळी भाकरी थापता थापता आई म्हणाली, "आज ज्ञाना बोलला."

"काय बोलतेस गं?"

"बोलला की. जेवलास का म्हटलं, तर व्हय म्हणाला. आवाज बसलाय त्येचा."

मला वाटलं, तुआननंच उचलला. दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं, तर त्यानं मोबाइलच माझ्या हातात दिला. आईचा एकही फोन आलेला नव्हता. ब्लॉक जागच्या जागी. शिवाय त्या आठवड्यात त्याची सेकंड शिफ्ट होती, दिवेलागणीला मोबाइल गेटवर जमा असायचा.

त्या दिवशी मी आईच्या शेजारी बसले. ती नंबर फिरवून "बरं बाबा, बरं" करत मान हलवत होती. मी फोन हिसकावून कानाला लावला. नुसती खरखर. आणि त्या खरखरीत कुणीतरी घसा खाकरला. ज्ञानेशला सवय होती, बोलायच्या आधी दोनदा खाकरायची.

दोनदाच खाकरला. मी फोन कट केला.

सकाळीच तुआनच्या खोलीवर जाऊन सिम परत मागितलं. त्यानं मोबाइल दोन्ही हातांनी छातीशी धरला. पोरीला आयसीयूत हलवलं होतं. "प्लीज मॅडम. वन वीक." माझ्यानं ओढून घेववेना. पण प्लॅन संपला तेव्हा मी रिचार्ज मारला नाही. सिस्टिम डाऊन आहे, असं त्याला सांगितलं. तो थँक्यू म्हणाला. त्या दिवशी मला माझीच किळस आली.

संध्याकाळी आई म्हणाली, "ज्ञानाजवळ एक पोरगी हाय गं."

"कसली पोरगी?"

"आपली भाषा न्हाई तिची. आधी लांबनं खोकल्याचा आवाज यायचा. आज जवळ आलीया. खोकत न्हाई आता."

रात्रभर माझा डोळा लागला नाही. सकाळी उठले ती एकच ठरवून. आधी त्याला रिचार्ज मारून द्यायचा, घरी बोलू द्यायचं.

शटर उघडलं तर तुआन समोरच. हसत होता. एवढा हसलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"मॅडम, बेबी कॉल! टुडे मॉर्निंग. नो कफ!"

त्यानं मोबाइल पुढं केला. वर कोपऱ्यात रेंजच्या जागी फुली होती.

मागून सुजितची गाडी आली. त्यानं मला बाजूला घेतलं. घाम पुसत होता.

"ताई, याच्या घरनं ऑफिसला फोन आला. पोरगी काल गेली. माझ्यानं सांगवेना. तुम्ही सांगा."

माझा मोबाइल वाजला. आई. सकाळी ती कधी फोन करत नाही.

"विजे, ज्ञानाचा फोन आलता. म्हनतोय, पोरगी ऐकंना. बा पायजे म्हनती. त्येला धाडतीस का?"

"आई, ठेव तो फोन! ठेव!"

मी वळले. तुआनला हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच्या हातातला फोन वाजला.

त्यानं माझ्याकडं बघून एक बोट वर केलं, एक मिनिट म्हणून. फोन कानाला लावला. गाड्यांच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून दुसऱ्या कानावर हात दाबला आणि पोरीशी बोलत बोलत रस्त्यावर उतरला.