हिरवी वायर

दार लोटून घ्या आणि बसा. कुडाळच्या गुरुदासचं सांगतो. माझ्या चुलतभावाचा शेजारी, सरळ माणूस. हे त्याने स्वतः मला सांगितलं, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

२०२३ सालचा नोव्हेंबर. सतरा तारीख, शुक्रवार. संध्याकाळी गुरुदास मोटारसायकलने मालवणच्या बाजूला निघाला. तिथल्या एका खाजगी रुग्णालयाच्या तळघरात लोखंडी रॅक आहे, त्यात एकावर एक बसवलेल्या डिस्कच्या पेट्या. पेशंटांचे एक्स-रे, स्कॅन, सगळे त्यात. आठवडाभर रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी त्या पेट्यांची वीज जात होती आणि चार मिनिटांनी आपोआप येत होती. देखभाल गुरुदासच्या कंपनीकडे. बिघाड रात्री होतो, तेव्हा रात्रीच बसून शोधायला हवा.

त्याला जायचं नव्हतं. वर्षापूर्वी त्याच रॅकला हात लावताना शॉक बसून रुग्णालयाचा वायरमन हरिश्चंद्र गेला होता. कंपनीचा अहवाल असा: अर्थिंग व्यवस्थित, अपघात कामगाराच्या निष्काळजीपणाने. खाली सही गुरुदासची. त्याने काही तपासलं नव्हतं. साहेब म्हणाले, "करून टाक रे, कागद अडलाय." त्याने करून टाकली.

दहा वाजता तो तळघरात उतरला. प्रत्येक पेटीला वीज देणारे दोन संच असतात, एक बंद पडला तरी दुसरा चालतो. त्याने एकेक काढून बघितला. ठीक. केबली बदलल्या. यूपीएसवर भार टाकून बघितला, तोही ठीक. बारा वाजले, एक वाजला. पंख्यांच्या आवाजाने कान बधिर झाले होते. दोष कुठेच नव्हता, आणि त्याचाच त्याला राग येत होता.

दोन दहा.

सगळे पंखे एकदम थांबले. दिवे गेले. यूपीएसचा आकडा मात्र तसाच जळत होता... वीज आत येत होती. पुढे जात नव्हती.

गुरुदासने टॉर्च तोंडात धरली. रॅकच्या दारावर हात ठेवायला पुढे झाला.

"हात लावू नको."

मागून नाही. समोरून. रॅकच्या पलीकडून. तिथे भिंत होती. मध्ये चार बोटांची फट.

तो हलला नाही.

"पयला मीटर लाव."

त्याने मीटरची एक सुई रॅकच्या पत्र्याला टेकवली. दुसरी पाण्याच्या पाइपला.

एकशे नव्वद व्होल्ट.

पत्रा जिवंत होता. एक बोट लागलं असतं तर...

फटीत कोणीतरी श्वास सोडला. दमलेल्या माणसासारखा.

"तीन येळा सांगितलंय मी सायबाक, अर्थिंग नाय म्हणान."

मग काही नाही. पंखे सुरू झाले तेव्हा दोन चौदा झाले होते.

त्याने मेन स्विच पाडला आणि रॅकपासून निघालेली अर्थिंगची हिरवी वायर हाताने चाचपत गेला. भिंतीवरून ती कोपऱ्यातल्या डब्यात उतरत होती. डब्यात जमिनीत गेलेली तांब्याची पट्टी होती, तिचे बोल्ट कोरे. वायर वीतभर अलीकडे लोंबत होती. ती कधी जोडलेलीच नव्हती.

त्याने फोटो काढला. वायर जोडली नाही, पुरावा म्हणून तशीच ठेवली. खोलीला कुलूप घातलं. किल्ली एकच, ती खिशात. पहाटे साहेबांना फोन केला आणि तसाच तोंडवलीला गेला, हरिश्चंद्रच्या बायकोकडे.

सारिका मासळीच्या टोपल्या धूत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुमची सही होती मां थंय?"

"होय."

"माका दुसरा कायएक नको. तेची चूक म्हणान कागदार लिवलेला आसा. तेवढा पुसून हाडा."

"पुसून आणतो," गुरुदास म्हणाला.

सकाळी दहा वाजता साहेब दोन तपासनीस घेऊन आले. गुरुदासने कुलूप उघडलं, डब्याचं झाकण काढलं.

वायर जोडलेली होती.

त्याने फोटो दाखवला. साहेब म्हणाले, "असला फोटो कुठलाही असू शकतो." तपासनिसांनी डब्याचा फोटो काढला, मेन चालू करून मीटर लावला. शून्य. त्यांनी लिहिलं: अर्थिंग जोडलेले आढळले, पूर्वीचा अहवाल योग्य. खोटी तक्रार केली म्हणून महिन्याभरात गुरुदासला काढलं. हरिश्चंद्रच्या नावापुढची ओळ तशीच राहिली, आता तिच्यावर दोन शिक्के झाले. त्या रॅकची वीज मात्र पुन्हा कधी गेली नाही.

हे सांगायला तो तोंडवलीला गेला. नव्या अहवालाची प्रत बरोबर होती. सारिकाला वाचता येत नव्हतं, म्हणून ती कागदावरचा फोटो बघत बसली. डबा, पट्टी, हिरवी वायर. खूप वेळ.

"ह्या कोणी बांधल्यान?"

"माहीत नाही. खोली बंद होती."

"बोल्टाखाली नाय घातलेली. गाठ मारलेली आसा." तिने बोट ठेवलं. "जाळा शिवताना मारतत ती."

गुरुदास फोटोवर वाकला.

"आणि उलटी," ती म्हणाली. "डाव्या हाताची."

तिने कागदाची घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिली.

"आमच्या घरात डावरो एकच होतो."