फक्त ‘ऐकलं’ म्हणायचं

निशाच्या ऑफिसात ताण कमी करण्याचं शिबिर होतं. ती गेली होती नंतरच्या जेवणासाठी. इमारतीतल्या दोन कंपन्यांची माणसं शिबिर घेणाऱ्या नम्रता मॅडमनी समोरासमोर बसवली आणि डोळे मिटायला लावले.

“ज्याच्यावर राग आहे त्याला डोळ्यांसमोर आणा. आता डोळे उघडा. समोर तोच बसलाय असं समजा आणि बोलून टाका. ऐकणाऱ्याने वाद घालायचा नाही. फक्त ‘ऐकलं’ म्हणायचं.”

निशाने डोळे उघडले. समजायची गरजच पडली नाही. समोर पियुष बसला होता... कपाळावर येणाऱ्या त्याच केसांसकट.

“जागा बदलू?” त्याने हळूच विचारलं.

“का? घाबरलास?”

“तुला? पहिल्यापासून.”

तिला हसू आलं, पण तिने ते आवरलं. तीन वर्षं जपलेला राग असा फुकटात कोण घालवतं!

“आईंना घेऊन घरी आलास. लग्नाची बोलणी करायला,” ती म्हणाली. “चहा झाला, निघालात... आणि तू नाहीसाच झालास. फोन नाही, काही नाही. मी नको होते तर तोंडाने सांगायचं होतंस. मी अजून झोपेत दात खाते, पियुष. डेंटिस्ट विचारतात, कुणावर एवढा राग?”

“ऐकलं,” तो म्हणाला. “आता मी?”

“बोल ना.”

“आई माझी अकोल्याची. तुला पाहून म्हणाली, ‘पोरगी लय गोड हाये.’ तुझे बाबा म्हणाले, ‘छान. आता मराठीत सांगा.’”

निशाला आठवलं. बाबांचा तो विनोद घरात अजून चालतो.

“बाबांचं मी सोडून दिलं असतं,” तो म्हणाला. “पण तू हसलीस.”

एसीच्या गारव्यातही तिचे कान तापले. मी सवयीने हसले... मला कळलंच नाही... सगळं ओठांपर्यंत आलं. पण नियम नियम होता.

“ऐकलं,” ती कशीबशी म्हणाली.

“आई पुण्यात आली की आता गप्प असते. रिक्षावाल्यालाही बोलून पत्ता सांगत नाही, मोबाईल दाखवते.”

जेवण तसंच राहिलं. पार्किंगमध्ये तिने त्याला गाठलं.

“तेव्हाच का नाही बोललास?”

“तू विचारशील म्हणून थांबलो होतो.”

“आणि मी तू सांगशील म्हणून... अजून रागावलायस?”

“नाही. गेल्या वर्षी सोडला राग. बीपी वाढलं होतं, झोप नव्हती. आता बरं आहे.”

“आणि मी? रागाबरोबर मलाही सोडलंस?”

तो किल्लीशी चाळा करत राहिला. उत्तर दिलं नाही, म्हणजे दिलंच.

“मी नाही सोडला,” ती पुटपुटली. “तुझं म्हणून तेवढंच राहिलं होतं माझ्याकडे.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. पूर्वी पाहायचा तसं, क्षणभर... मग हेल्मेट चढवलं.

“आईंना भेटू?” तिने विचारलं. “माफी मागायचीय.”

“भेट. रविवारी येतेय ती.” त्याने गाडी सुरू केली. “पण माझ्यासाठी नको भेटूस.”

गाडी कात्रजकडे वळली. निशाने सवयीने त्याच्यावर रागवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. तेव्हा कुठे तिला रडू आलं.