हुंकारा

सेनगावात बसस्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून देविदास राठोडचं नेट कॅफे होतं. कॅफे म्हणजे काय, तर पत्र्याच्या खोलीत तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करणारा पंखा. साल दोन हजार नऊ. पोरं नेटवर बसायला यायची, पण देविदासचं नाव झालं होतं ते इंग्रजी टायपिंगवर. आता त्याचं इंग्रजी कसं होतं म्हणाल, तर दहावीला काठावर सुटलं होतं, तेवढंच. पण गड्याला एक वेबसाइट सापडली होती. मजकूर तिथं टाकला की चुकलेल्या जागी लाल रेघ यायची, रेघेवर क्लिक केलं की खाली दुरुस्ती यायची, आणि ‘ॲक्सेप्ट’ दाबलं की काम झालं. देविदास वाचतबिचत नसे. रेघ दिसली की दाबायचं. गिऱ्हाईक वर म्हणायचं, काय झकास इंग्रजी हो तुमचं!

न ऐकता मान डोलवायची ही खोड जुनी. त्याचे आजोबा थावराबाबा. त्यांच्या बापजाद्यांनी बैलांवर मीठ आणि धान्य वाहिलेलं. वाटेत मुक्काम पडला की एकानं गोष्ट सांगायची आणि दुसऱ्यानं दर वाक्याला ‘हं’ म्हणून हुंकारा द्यायचा, म्हणजे कुणाचा डोळा लागत नाही आणि चोराला कळतं की तांडा जागा आहे. थावराबाबानं ती रीत अंगणात चालू ठेवली होती. देविदास आणि धाकटा रामप्रसाद, हुंकारा कोण देणार म्हणून भांडायचे. पेंगत असले तरी ‘हं’ बराबर जागेवर पडायचा. मग म्हातारा खवळायचा.

“ऐकल्याबिगर काहून हुंकारा देऊन राहिले रे? हुंकारा दिला म्हंजे गोष्ट आपल्या अंगावर घेतली. नीट ऐका, मंग द्या.”

पोरं खी खी हसायची आणि पुन्हा तेच करायची.

मार्चमध्ये रत्नपाल सर आले. इंग्रजी शाळेत शिकवायचे. घाईत होते म्हणून रजेचा अर्ज देविदासकडून टाइप करून घेतला. आईला, पद्माबाईंना, ताप भरला होता. देविदासनं मजकूर साइटवर टाकला, रेघा आल्या, दाबल्या, कागद काढला. सरांनी वाचला आणि हसायलाच लागले. “अहो देविदास, माझ्या आईला ताप आलाय. ती भाजली म्हणून कुठं सांगितलं मी?”

देविदासही हसला. यंत्रच ते, म्हणाला, आणि कागद बदलून दिला.

दुसऱ्या दिवशी पद्माबाई चहा करायला उठल्या आणि स्टोव्ह भडकला. सरांनी नुसत्या हातांनी विझवलं. लुगडं अंगाला चिकटलं होतं, ते सोडवताना कातडी सोबत येत होती. म्हातारी शेवटपर्यंत शुद्धीवर होती आणि शेवटपर्यंत ओरडत होती. गल्लीतल्या बायका कानात बोटं घालून बसल्या.

पुढं सर एकदा दुकानात आले ते दोन्ही हातांना पट्ट्या बांधून. उभेच राहिले.

“तो शब्द कुणी टाकला, देविदास?”

“साइटनं, सर. आईच्यान.”

“आणि हो कुणी म्हटलं?”

सर निघून गेले.

त्या दिवसापासून तो हरेक दुरुस्ती डिक्शनरी घेऊन वाचायला लागला. लोक म्हणाले, ह्याचा हात मंदावला. साइट सोडून द्यायची, तर पोट तिच्यावर. आणि खरं सांगायचं तर शब्द नीटच यायचे, महिनाभर काहीच वावगं आलं नाही. सरांचं दुःख मोठं, पण तो योगायोग, असं त्यानं स्वतःला पटवलं.

मग उसाच्या तोडीवरून रामप्रसाद परतला. खांदा सुजून काळानिळा झालेला. बायको चंदाबाई फडातच बाळंत व्हायला आली, तिला दवाखान्यात नेतो म्हणाला, तर मुकादम किसनसिंगानं कोयत्याच्या पाठीनं हाणला. किसनसिंग कुणी परका नव्हे. त्यांच्याच तांड्यातला, अगदी शेजारचा. दोन्ही घरांत मातीची भिंत एकच. इकडं लेकरू रडलं की तिकडं कूस बदलायचे. म्हणून तर रामप्रसादचा जीव जास्त जळत होता.

“दादा, दिल्लीत मजुरांची एक संस्था हाय, तिला इंग्रजीत लिव. सोडत न्हाई मी त्याला.”

दुपारची वेळ, बाहेर उन्हाचा तडाखा. दुकानात दोघंच भाऊ. देविदासनं मजकूर टाइप केला. किसनसिंगानं कोयत्याची पाठ खांद्यावर मारली. साइटवर टाकला. एकच रेघ आली, ‘खांदा’ ह्या शब्दाखाली.

त्यानं क्लिक केलं. खाली आलेला शब्द त्याला डिक्शनरीशिवाय येत होता.

मान.

देविदासनं ‘नको’ दाबलं. रेघ गेली आणि परत आली. आता पूर्ण वाक्याखाली होती. त्यानं पान बंद करून पुन्हा उघडलं. मजकूर टाकलेला नव्हता, तरी वाक्य तिथं होतं, आणि आता ते बदललेलं होतं. रेघही.

“काय झालं रं?” रामप्रसाद मागं खुर्चीत बसून बशीतून चहा फुरकत होता.

“ह्ये बघ ना. ह्ये काय म्हणून राहिलंय बघ.” देविदासनं पडद्यावर बोट ठेवलं आणि एकेक शब्द मराठी करून वाचला. “किसनसिंगानं कोयता मानेवर मारला आणि रामप्रसाद जागीच—”

“हं,” रामप्रसाद म्हणाला.

बराबर जागेवर पडला.

रेघ पुसली गेली. देविदासचा हात माउसवर नव्हता.

“हुंकारा काहून दिला?” तो ओरडला. “माघारी घे! न्हाई म्हण!”

“येडा झाला का, दादा? तोंडातून गेला.” रामप्रसाद हसला. “हुंकारा कुठं माघारी येतो?”

बाहेर जीप थांबली.

किसनसिंग आत आला तो कोयता घेऊनच. तक्रारीचं त्याला कुणीतरी सांगितलं असावं. देविदास आडवा झाला, तर त्यानं कोयत्याची मूठ तोंडावर हाणली. पुढचे दात घशाकडं गेले. देविदास पडला आणि पडल्या पडल्या त्याचा पाय धरला.

रामप्रसाद बशी हातात घेऊन उभा राहत होता.

पहिला घाव मानेत अडकला. किसनसिंगानं छातीवर पाय देऊन कोयता ओढून काढला आणि परत मारला.

रक्त पत्र्यापर्यंत उडालं. पंखा ते भिंतीभर शिंपडत राहिला.

जीप गेली. देविदासनं भावाचं डोकं मांडीवर धरलं, ते नीट धरता येत नव्हतं. तो हंबरडा फोडून रडला. बसस्टँडवरची माणसं दारात येऊन थिजली.

हवालदार आले. प्रेत उचलून नेलं. देविदासला बाहेर, झेरॉक्सच्या दुकानापुढच्या बाकावर बसवलं. तोवर लाइट गेली होती. आतला पंखा, पडदे, सगळं बंद. त्याच्या तोंडातून रक्त गळत होतं, टॉवेल भिजला होता.

“सांगा,” हवालदार म्हणाले. “सावकाश सांगा.”

“दुपारी माझा भाऊ दुकानात आला.”

“हं.”

“तक्रार लिवायची होती.”

“हं.”

हवालदार खाली मान घालून लिहीत होते. देविदासला तेवढंच बरं वाटलं, कुणीतरी ऐकतंय म्हणून. त्यानं सगळं सांगितलं, कोयता ओढून काढला तेही. दर वाक्याला हुंकारा पडत गेला.

“तो कुठं पळाला असंल?” हवालदारांनी विचारलं.

तेव्हा देविदासचा सगळा संताप एकदम वर आला. तो तुटक्या दातांतून थुंकला आणि दोन्ही मुठी बाकावर आपटल्या.

“कुठंबी जाऊ द्या, साहेब. त्याच्या घराला आग लागंल. आजच लागंल. समदं जळून जाईल त्याचं, भिंतीसकट!”

“हं.”

हवालदारांनी लिहिणं थांबवलं आणि दुकानाच्या काळोख्या दाराकडं पाहिलं.

“मघापासून इचारीन म्हणतो,” ते हळूच म्हणाले. “आत कोण बसलंय?”

देविदास उठला. आवाज त्याला आत्ता ओळखू आला, रामप्रसादचा. मग त्याला ती भिंत आठवली. भिंतीच्या अलीकडं त्याची बायको शिला होती, आणि चंदाबाई, आणि दुपट्यावर भिंतीलगत निजवलेलं तिचं बाळ.

हवालदारांच्या खिशातला मोबाइल वाजला. त्यांनी तो कानाला लावला.

“आग?” ते म्हणाले. “कोणत्या तांड्यावर?”