शनिवारच्या बातम्या

शनिवारी सकाळी नागपूरच्या त्या वसाहतीतून पोह्यांचा वास आणि रडण्याचे आवाज एकाच वेळी येत. वसाहतीतल्या कोणालाही त्यात वावगं वाटत नसे. वाईट बातमी शनिवारी नाश्त्याच्या वेळी सांगायची, हा तिथला रिवाज होता. नापास झालेली मुलं, छातीत गाठ निघालेल्या मावश्या, मोडलेली लग्नं, सगळ्यांनी आठवडाभर दाराबाहेर थांबायचं आणि शनिवारी आत यायचं.

या रिवाजाचं मूळ कानामागच्या चकतीत होतं.

कामाची वेळ संपल्यावर कर्मचाऱ्याला कामाचा निरोप पाठवणं गुन्हा ठरलं, तेव्हा कंपन्यांनी आधी आरडाओरडा केला आणि मग डोकं चालवलं. काम घरी न्यायला बंदी असेल, तर घर कामावर आणायला मोकळीक का? त्यातून ही चकती आली. त्वचेखालच्या मज्जातंतूंतले सूक्ष्म विद्युतप्रवाह आणि घामातली तणावाची रसायनं मोजून ती माणसाचा ‘मनोभार’ काढी. तिच्यावरचा हिरवा दिवा म्हणजे मन रिकामं, पिवळा म्हणजे विचारात, तांबडा म्हणजे निकामी. संध्याकाळी ऑफिस डोक्यात राहिलं, तर चूक कंपनीची; तिचं दिलगिरीचं पत्र येई, अर्थात दुसऱ्या दिवशी, कामाच्या वेळेत. ऑफिसात घर डोक्यात राहिलं, तर चूक कर्मचाऱ्याची. तिचं पत्र येत नसे, बढती येत नसे. म्हणून वाईट बातमी शनिवारी; सोमवारपर्यंत दिवा पुन्हा हिरवा व्हायला दोन दिवस मिळत.

चकती ऐच्छिक होती. करारात हा शब्द ठळक छापला होता. त्यावर सही करणाऱ्या एकाही उच्चशिक्षिताने तो खरा मानला नव्हता.

शलाका वैरागडेने तर मुळीच नाही. विमानांचे सुटे भाग पुरवणाऱ्या विभागाचं प्रमुखपद रिकामं होणार होतं, आणि तिचा दिवा अख्खं वर्ष हिरवा होता.

“तुम्ही आमचा आदर्श आहात, मॅडम,” तन्मय रेगे म्हणाला. तो कंपनीचा ‘समतोल अधिकारी’ होता; सगळ्यांचे दिवे तोच तपासत असे. त्याच्या टेबलावर बांबूचं रोप होतं, प्लास्टिकचं. “घरात वयस्कर वडील, तरी आलेख सपाट. कसं जमतं?”

“घरचे समजूतदार आहेत, सर.”

“तेच. माणसं घरच्यांना शिकवतच नाहीत हो!”

तिने शिकवलं होतं. नवरा हेरंब तोंड उघडण्याआधी तिच्या कानामागे बघे. वडील पुंडलिकराव, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, काही सांगायचं असलं की बोट वर करून म्हणत, “शनिवारचं आहे बरं का,” आणि गप्प होत. ही आपली शिस्त आहे असं शलाकाला वाटे. पाहुण्यांना ती हे अभिमानाने सांगे.

त्या सोमवारी संध्याकाळी पुंडलिकराव गॅलरीत एका मंडळाचा फलक रंगवत होते. कुंचला हातातून गळला. तो उचलायला गेले, तर बोटं मिटेनात. हेरंबने पाहिलं.

“बाबा, काय झालं?”

“हात झोपला वाटते. शीर आखडली असेल.”

“शलाकाला सांगतो.”

“अहो हेरंबराव, काही काय! शुक्रवारी तिची निवड आहे. आज सांगाल तर पोरगी चार दिवस तांबडी.” त्यांचा ओठ एका बाजूला किंचित ओघळला होता. “जरा बाम लावून द्या.”

हेरंब अभियंता होता. पुलांच्या खांबांतली केसाएवढी भेग त्याला दुरून दिसे. त्याने बाम लावला.

चार दिवस पुंडलिकराव शलाका घरी यायच्या आधीच जेवून खोलीत जात. शुक्रवारी ती विभागप्रमुख झाली. शनिवारी नाश्त्याला तिने पाहिलं, वडील डाव्या हाताने पोहे खात होते, आणि अर्धे ताटलीबाहेर सांडत होते.

“बाबा, उजव्या हाताला काय झालं?”

पुंडलिकरावांनी हेरंबकडे पाहिलं. हेरंबने घड्याळाकडे पाहिलं, जणू वार तिथे लिहिलेला असतो.

इस्पितळातली डॉक्टर तरुण होती आणि दमलेली होती. तिने मेंदूची चित्रं पाहिली. “रक्ताची गाठ अडकून मेंदूचा रक्तपुरवठा तुटलाय. कधी झालं हे?”

“सोमवारी,” हेरंब म्हणाला.

“सोमवारी? पहिल्या काही तासांत आणलं असतं, तर औषधाने गाठ विरघळवता आली असती. आज का आणलंत?”

“आज शनिवार आहे म्हणून,” पुंडलिकराव म्हणाले. शब्द जड येत होते, पण उत्तर त्यांना सरळ वाटत होतं.

डॉक्टरने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्या नजरेत दया नव्हती. “हात परत येईल असं मी सांगणार नाही,” ती शलाकाला म्हणाली. “तुम्ही मात्र बऱ्याच शांत आहात.”

शलाकाने मोबाइलच्या काळ्या काचेत मान वळवून पाहिलं. दिवा हिरवा होता. वर्षभरात तिने श्वास असा बसवला होता, की मनात काही पेटलं तरी शरीराला पत्ता लागू नये. यंत्र बिघडलं नव्हतं. ते तिला मोजत होतं, आणि मोजण्यासारखं त्याला काही सापडत नव्हतं.

सोमवारी ती ऑफिसात पोहोचली, तोवर रेगेला सगळं कळलं होतं. त्याने तिला बसायला सांगितलं आणि आवाज हळू केला.

“वाईट झालं. पण मॅडम, तुमच्या वडिलांनी जे दाखवलं ना, ते घरच्या सहकार्याचं उत्तम उदाहरण आहे. नव्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना सांगू का? नाव नाही घेणार. नाहीतर घेऊ, त्यांना बरं वाटेल.”

“ही कशी काढतात?”

“काय?”

“चकती.”

रेगे गोंधळला. त्याने टेबलाचा खण उघडला, माहितीपत्रक चाळलं. “तसं कधी कुणी विचारलं नाही. ओढली की निघत असावी.”

तिने ओढली. निघाली. एवढंच होतं. तीनशे माणसांच्या त्या इमारतीत इतक्या वर्षांत कोणी नख लावून पाहिलं नव्हतं, आणि त्यांतले निम्मे स्वतःला संशोधक म्हणवत.

“मॅडम, हे नोंदवलं जाईल,” रेगे म्हणाला. “पद कायम व्हायला अजून—”

“नोंदवा.”

ती दुपारीच घरी आली. पुंडलिकराव झोपले होते. हेरंब स्वयंपाकघरात पेज ढवळत होता. तिला अवेळी पाहून तो दचकला, काही बोलायला गेला आणि सवयीने थांबला.

“बोल,” ती म्हणाली.

“नंतर बोलू ना.”

“नाही. आता. जे काही आहे ते.”

हेरंबने गॅस बंद केला आणि तिच्या कानामागे पाहिलं. तिथे फक्त एक फिकट गोल डाग होता.

“मागच्या वर्षापासून सांगू,” त्याने विचारलं, “की त्याच्याही आधीपासून?”